हात हलका होईपर्यंत

मी पावसात दुचाकीवरून पडले तेव्हा गाडीचा वेग जेमतेम २० असेल. पाऊस सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. नुसती भुरभुर होती, रस्ता धड ओलाही झाला नव्हता. सिग्नल पिवळा झाला, मी रोजच्यासारखा पुढचा ब्रेक दाबला आणि नेमकं त्याच क्षणी पुढचं चाक झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर होतं. चाक सटकलं हे कळायच्या आत मी उजव्या कुशीवर आडवी झाले होते. गाडी माझ्या पुढे दोन हात घसरत गेली. गुडघा सोलवटला, मनगट मुरगळलं, ब्रेकची लिव्हर वाकली. मागची मोटार वेळेत थांबली म्हणून एवढ्यावर निभावलं.

नंतरचे पंधरा दिवस ढग दिसला तरी पोटात गोळा यायचा. पाऊस लागला की मी हँडल गच्च आवळून धरायचे, खांदे कानाशी यायचे, पाय कधीही टेकता यावेत म्हणून अधांतरी असायचे. मला वाटायचं, मी सावध झालेय. खरं तर त्या भीतीने माझं चालवणं आणखी बिघडलं होतं. आवळलेल्या हातांनी काहीही केलं तरी ते गाडीला धक्का बनून पोचतं, आणि ओल्या रस्त्यावर चाकाला धक्काच सहन होत नाही. हे समजायला मला पुढचे दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांबद्दल लिहितेय.

सुरुवात टायरपासून झाली. लिव्हर बदलायला गाडी नेली तर मिस्त्री आधी खाली बसले आणि पुढच्या टायरवरून अंगठा फिरवला. "ताई, रस्त्याला नंतर बोल लावा. आधी हे बघा." टायरच्या खाचांमध्ये तळाशी छोटे उंचवटे असतात. झिजत झिजत टायर त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की त्याचं आयुष्य संपलं. माझा टायर मधल्या पट्ट्यात तिथवर पोचला होता. मग त्यांनी बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचायला शिकवलं. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. म्हणजे ३२१७ असेल तर २०१७ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला. माझा टायर सात वर्षांचा निघाला. नख रुतवून पाहिलं, रुतलं नाही. रबर जुनं झालं की कडक होतं आणि रस्त्याला चिकटून राहायचा त्याचा गुण जातो. खाचांचं काम चाकाखालचं पाणी बाजूला काढून द्यायचं. कोरड्यात त्या झिजल्या तरी काही बिघडल्यासारखं वाटत नाही, म्हणून इतके महिने माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पावसात हवा थोडी कमी ठेवावी, पकड वाढते, असं मी कुठेतरी ऐकलं होतं आणि तसं करतही होते. मिस्त्रींनी ते साफ खोडून काढलं. हवा कमी असली की टायर दबतो, खाचा मिटतात आणि पाण्याचा थर कापायची ताकद उलट कमी होते. गाडीच्या पुस्तकात दिलेली हवा, टायर थंड असताना मोजून, एवढंच करायचं.

दोन्ही टायर नवे टाकले आणि वाटलं, झालं. पण नव्या टायरवरही माझा हात जुनाच होता.

मग मी एक मोकळं मैदान शोधलं. त्याच्या कडेने डांबरी पट्टा होता, रहदारी नव्हती. पाऊस पडला की मी तिथे जायचे आणि फक्त ब्रेक दाबायचे. आधी २० च्या वेगात, मग ३०, मग ४०. पडल्यापासून मी पुढचा ब्रेक वापरायचाच सोडला होता. सगळी भिस्त मागच्यावर. तिथे लक्षात आलं की मागचा ब्रेक जोरात दाबला की मागचं चाक लगेच जाम होतं, शेपूट हलल्यासारखं इकडेतिकडे सरकतं, आणि गाडी थांबता थांबत नाही. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं. थांबवायचं काम खरं पुढचंच चाक करतं. फक्त त्याला वजन घ्यायला वेळ द्यावा लागतो.

तो वेळ म्हणजे अर्धा-पाऊण सेकंद, पण त्यातच सगळं आहे. दोन बोटं लिव्हरवर. आधी लिव्हरची सैल चाल संपते. मग ब्रेकचे पॅड डिस्कला, म्हणजे चाकावरच्या धातूच्या चकतीला, नुसते टेकतात, आणि ओल्या डिस्कवर या टप्प्यात क्षणभर काहीच घडत नाही, कारण मध्ये पाण्याचा पापुद्रा असतो. इथेच घाबरून माणूस जोरात दाबतो. पाणी पुसलं जातं आणि ब्रेक एकदम पकडतो. म्हणून त्या रिकाम्या क्षणी बोटं तशीच ठेवायची. मग गाडीचं नाक किंचित खाली जातं, हँडलवर वजन आल्यासारखं जाणवतं, आणि आता दाब वाढवायचा, ओला स्पंज पिळतो तसा. पहिल्या दिवशी मी हे चाळीसेक वेळा केलं असेल. तिसऱ्या पावसात बोटं आपोआप थांबायला लागली. माझ्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. ज्यांच्या गाडीला आहे त्यांचं चाक सरळ जाताना जाम होणार नाही, हा मोठाच आधार आहे. पण वळणात गाडी कललेली असताना साध्या एबीएसच्या भरवशावर ब्रेक मारू नये. चाकाकडे पकड असते ती एकच, ती वळण्यात खर्च झाली की थांबायला उरत नाही. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाआधी, गाडी उभी असताना.

वेगाचा हिशेबही मी तेव्हाच पहिल्यांदा मांडून पाहिला. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, ४० ला ११. समोरचं काही दिसून बोट हलेपर्यंत एक सेकंद धरला तरी एवढं अंतर गेलंच. त्यानंतर ब्रेक लागून थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे ४० ला ते ६० च्या निम्म्याहून कमी असतं. या एका गणिताने माझं डोकं जेवढं ताळ्यावर आणलं तेवढं त्या पडण्यानेही आणलं नव्हतं. आता पावसात पुढच्या गाडीपासून मी चार सेकंद मागे असते. ती एखादा खांब ओलांडते तेव्हा मोजायला सुरुवात करते. मधे कुणी घुसलं तर पुन्हा मागे होते, चिडत नाही.

रस्ता वाचायला मात्र वेळ लागला. पहिल्या पावसाची पहिली काही मिनिटं सगळ्यात वाईट, कारण कोरड्या दिवसांत साचलेलं तेल, टायरचं रबर आणि धूळ पाण्यावर तरंगून वर येतात. जोरदार सर आली की ते बरंचसं धुवून जातं. मी पडले ती नेमकी पहिल्याच दहा मिनिटांत. आता शक्य असेल तर तेवढा वेळ आडोशाला थांबते. रंगवलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, पुलावरच्या सांध्यांच्या पट्ट्या, ओला पाला, डिझेलचे इंद्रधनुषी डाग, या सगळ्यांवरून जाताना गाडी सरळ उभी ठेवायची, आणि ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर वाढवायचा नाही, नुसतं तरंगत पार व्हायचं. रुळ ओलांडायचे ते होईल तितके काटकोनात. साचलेलं पाणी किती खोल आहे ते वरून कधीच कळत नाही, म्हणून डबकं दिसलं की ते खड्डाच समजायचं. आणि पुढच्या मोटारीच्या चाकांनी जिथलं पाणी नुकतंच बाजूला सारलंय त्या पट्ट्यातून चालायचं, मधल्या तेलकट पट्ट्यातून नाही.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. अंगावरून सोडायचा सैल, झग्यासारखा रेनकोट गाडीवर नको. तो फडफडतो आणि चाकात किंवा चेनमध्ये अडकू शकतो. पँट बुटांच्या वरून, म्हणजे पाणी बुटात उतरत नाही. हात मात्र कोरडे हवेतच. गारठलेल्या बोटांना ब्रेकचा तो रिकामा क्षण कळत नाही, हे मी एकदा अनुभवलंय. अंधारात काळी काच हेल्मेटला नको.

काचेवर येणाऱ्या वाफेने मात्र मला खूप छळलं. श्वासातली ओल थंड काचेवर बसते आणि सगळं दुधाळ होऊन जातं. काच एक खाच उघडी ठेवली की वारा आत फिरतो आणि वाफ कमी होते, पण पाण्याचे बारीक थेंब डोळ्यांत येतात. शेवटी काचेच्या आतून बसवायची वाफरोधक पातळ पट्टी घेतली. इतकी साधी वस्तू मी आधीच का घेतली नाही, याचं आजही वाईट वाटतं. न दिसणं हे घसरण्याइतकंच धोक्याचं आहे.

या सगळ्याची परीक्षा झाली ती एका लांबच्या प्रवासात. १४० किलोमीटर जायचं होतं आणि साठाव्या किलोमीटरला आभाळ फाटलं. मोठ्या ट्रकच्या मागे अडकले तर त्याच्या चाकांनी उडवलेल्या पाण्यात दहा फुटांवरचं दिसेना. वरचा दिवा, म्हणजे लांबचा झोत, लावून पाहिला तर थेंबांवरून उजेड उलटा डोळ्यांवर आला, लगेच खालचा केला. पुढे काढायचा मोह झाला होता. नाही काढली. मागे होत होत त्या तुषारांच्या बाहेर आले आणि तिथेच राहिले.

मग वीज चमकली. मी मोजलं. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो, आणि गडगडाट बाराव्या सेकंदाला आला, म्हणजे चारच किलोमीटर. रबरी टायर विजेपासून वाचवतात हा गैरसमज आहे, दुचाकीवर माणूस पूर्ण उघडा असतो. झाडाखालीही थांबायचं नव्हतं. पहिली पक्की इमारत दिसली तिथे आत गेले आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास उलटेपर्यंत बसून राहिले.

निघाले तर पुढे ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं. फार नाही, पोटरीच्या खाली. दोन दुचाकी माझ्यासमोर पार झाल्या. पण पाणी गढूळ होतं, रस्त्याची कड दिसत नव्हती, आणि वितभर वेगवान पाणीसुद्धा उभ्या माणसाचे पाय उचलतं. काठावर इंजिन चालू ठेवून मी मिनिटभर उभी होते. हँडलवरची बोटं सैल होती, हे तेव्हाच लक्षात आलं. गाडी वळवली. दुसऱ्या रस्त्याने ३५ किलोमीटर जास्त पडले, घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजले.

सकाळी डिस्कवर नारिंगी गंज धरला होता. तो पहिल्या दोन ब्रेकमध्ये पुसला जातो, घाबरायचं कारण नसतं. चेन मात्र कोरडी खडखडीत झालेली, पावसाने सगळं वंगण धुवून नेलं होतं. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, इंजिन बंद. ब्रशने चिखल काढला, फडक्याने कोरडी केली, आणि मागचं चाक हाताने सावकाश फिरवत चेनच्या आतल्या बाजूला एकेका कडीवर तेल सोडत गेले. दुसऱ्या फेरीला किरकिर थांबली.