दुब्रोवनिक, काचेतून

ग्रीसमधल्या पिरेयस बंदरात बोटीवर चढण्याआधी एक फॉर्म हातात देतात. गेल्या काही दिवसांत उलट्या, जुलाब, ताप, खोकला? पुढे 'हो' आणि 'नाही'चे चौकोन. मी सगळीकडे 'नाही'वर खुणा केल्या आणि त्या खऱ्या होत्या. शेजारच्या रांगेतले एक गृहस्थ मात्र रुमालात तोंड खुपसून खोकत होते, आणि खोकता खोकताच त्यांनीही भराभर 'नाही'वर खुणा मारल्या. ताईने मला कोपराने ढोसलं. "बघितलंस? धडधडीत खोटं!" आम्ही दोघींनी जमेल तेवढं नाक मुरडलं. ते नाक तिसऱ्या दिवशी खाली घालायची वेळ माझ्यावर आली.

सात दिवसांची सफर होती. पिरेयसहून निघायचं, दुसरा दिवस नुसता समुद्र, मग कॉर्फू, कोतोर, दुब्रोवनिक, पुन्हा एक दिवस समुद्र आणि सातव्या दिवशी त्रिएस्ते. मला खरं तर एकच गाव बघायचं होतं, क्रोएशियातलं दुब्रोवनिक. बाकीची बंदरं ताईच्या वाट्याची.

पहिले दोन दिवस मजेत गेले, त्याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. क्रूझवरच्या मजा साधारण सारख्याच असतात. लक्षात राहिला तो बुफेच्या दाराशी उभा असलेला पोरगा. हातात फवाऱ्याची बाटली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात धुवायला लावण्यासाठी तो चक्क गाणं म्हणायचा. बाजूला सहा बेसिनांची रांग होती. बहुतेक लोक हातावर फवारा मारून घेत, हात चोळत सरळ आत जायचे. मीही तेच केलं. बेसिनाकडे फक्त ताई गेली. तिला कुठेही नळ दिसला की हात धुवावेसे वाटतात. लहानपणापासून आम्ही तिला त्यावरून चिडवत आलो आहोत.

तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला जाग आली ती पोटातल्या गुरगुरीने. उठून बसले. तोंडाला पाणी सुटत होतं, पण भुकेने सुटतं तसं नाही. मी स्वतःला सांगितलं, बोट लागली असणार. खिडकीबाहेर समुद्र तेलाच्या परातीसारखा सपाट पडला होता. तरीही बोटच लागली, असं मी ठरवून टाकलं. दुसरं काही असेल तर ते कुणाला तरी सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं की केबिनमध्ये कोंडतात हे मला पक्कं माहीत होतं. दुब्रोवनिक दोन दिवसांवर आलं होतं.

मग मी बुफेत गेले. पाव उचलायचा तो स्टीलचा चिमटा आजही डोळ्यांसमोर आहे. त्याच्या एका दांडीवर लोण्याचं बोट उमटलं होतं. तो मी उचलला, दोन कोरडे तुकडे घेतले आणि चिमटा परत ठेवला. मागे एक म्हातारबाबा ताटली धरून उभे होते, त्यांनी हसून तोच चिमटा घेतला. त्यानंतर कॉर्फूच्या जुन्या किल्ल्याच्या पायऱ्यांचा कठडा, बसमधली दांडी, किल्ल्याखालच्या स्वच्छतागृहाची कडी. त्या दिवशी मी कशाकशाला हात लावला याची यादी नंतर अंथरुणात पडून केली. कॉर्फू कसं आहे ते मला विचारू नका. त्याच्या कड्या आणि कठडे तेवढे नीट आठवतात.

रात्री दहाला नाटक संपलं. माझं. बोटीवरची न्हाणीघरं इतकी चिमुकली असतात की एका जागी बसून कमोड, बेसिन आणि शॉवर, तिन्हीकडे हात पोचतो. ही रचना कुणी केली असेल त्याला माणसाच्या पोटाचा चांगला अनुभव असणार. तासाभरात मी इतकी गळून गेले की गार फरशीला गाल टेकून पडून राहावं, एवढीच काय ती इच्छा उरली. ताईने मला न विचारता फोन उचलला.

नर्स केबिनमध्येच आली. अशा रुग्णाला दवाखान्यापर्यंत चालवत नेत नाहीत, वाटेत लोक असतात. मास्क, हातमोजे, वर पातळ पिवळा झगा. नाडी बघितली, ताप बघितला, आणि तक्त्यावर पेन टेकवून विचारलं, त्रास नक्की कधी सुरू झाला?

"आज संध्याकाळी," मी म्हटलं.

"सकाळी," मागून ताई म्हणाली. "पहाटे सहाला उठून बसली होती. मी जागीच होते."

नर्सने माझ्याकडे बघितलंही नाही. 'सहा' एवढंच लिहिलं. नंतर बुफेत गेला होतात का, किती वाजता, काय घेतलं, कुठल्या बसमध्ये बसलात, हे सगळं ओळीने विचारलं. चिमट्याचं मी सांगितलं. खोकणारे ते फॉर्मवाले गृहस्थ मला त्या क्षणी आठवले आणि पोटाच्या कळेपेक्षा ती आठवण जास्त लागली.

नोरोव्हायरस असावा, असं डॉक्टर फोनवर म्हणाले. उपचार म्हणजे क्षार-साखरेचं पाणी घोट घोट पीत राहायचं. या विषाणूवर दुसरं औषध नाही. शेवटचा त्रास थांबल्यापासून ४८ तास केबिनबाहेर पाऊल टाकायचं नाही. ताईला काही होत नव्हतं, म्हणून तिला फिरायची मोकळीक होती. पण काही वाटलं तर त्या क्षणी कळवायचं, आणि बुफेला हात लावायचा नाही.

पुढचा दिवस, म्हणजे कोतोर, माझ्या स्मरणात नाही. दुपारी शेवटची उलटी झाली आणि तिथून मी घड्याळ लावलं. ४८ तास म्हणजे सहाव्या दिवसाची दुपार. दुब्रोवनिक पाचव्या दिवशी. हिशोब दोनदा केला, दोन्ही वेळा तोच आला.

पडल्या पडल्या फोनवर या विषाणूचं जे मिळेल ते वाचत होते. आपल्याला आडवं करणाऱ्याची निदान ओळख तरी असावी. तो पहिल्यांदा ध्यानात आला तो एका शाळेमुळे, बोटींशी त्याचा काही संबंध नव्हता. १९६८ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावात शाळेतली निम्मी मुलं-माणसं एकदम आजारी पडली. चार वर्षांनी, १९७२ मध्ये, आल्बर्ट कापिकियन यांना त्या साथीतल्या नमुन्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसला. गावावरूनच त्याचं नाव पडलं. अमेरिकेत नोंद होणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी क्रूझवरच्या जेमतेम एक टक्का असतात. बाकीच्या वृद्धाश्रमांत, हॉटेलांत, शाळांत. मात्र क्रूझवर पोटाची साथ आली की दहातल्या नऊ वेळा हाच असतो. बोटीची बदनामी होण्याचं आणखी एक कारण म्हणजे तिथे कोण कधी आजारी पडलं ते लिहून ठेवतात. लग्नातून घरी जाऊन आडवे झालेले लोक कोण मोजतं? अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या बोटींवर तर तीन टक्के प्रवाशांनी किंवा तीन टक्के कर्मचाऱ्यांनी अशी तक्रार केली की तिथलं रोगनियंत्रण केंद्र बोटीचं नाव जाहीर करतं.

आणि फवारा! हे वाचून मी उठून बसले. अल्कोहोल मोडतं ते विषाणूभोवतीचं चरबीचं आवरण. फ्लूला, कोरोनाला ते असतं, म्हणून त्यांच्यावर फवारा चालतो. नोरोव्हायरसला ते आवरणच नाही. त्याच्यावर अल्कोहोलचा म्हणावा तसा परिणाम होत नाही. साबणानेही तो मरत नाही, पण हातावरून सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणजे जी सहा बेसिनं ओलांडून मी चार वेळा आत गेले होते, खरा इलाज तिथेच होता. आजार व्हायला १०० हून कमी विषाणूकण पुरतात आणि आजारी माणूस ते अब्जांनी बाहेर टाकतो. चिमट्याच्या दांडीवर किती मावत असतील, हा हिशोब मी केला नाही.

मला कुणी दिला, याचा मात्र केला. लागण झाल्यापासून १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो. पहाटे सहापासून मागे गेलं तर आदल्या संध्याकाळचे सहा, आणि तिथून आणखी मागे पहिल्या दिवसाची पहाट. त्या पट्ट्यात विमानतळावरची ट्रॉली, बंदरावरची रांग, लिफ्टची बटणं, बुफेच्या चार फेऱ्या, सगळं बसत होतं. गुन्हेगार सापडला नाही. नंतर वाटलं, त्यालाही कदाचित बोटच लागली असेल.

संध्याकाळी ताई कोतोरहून बातम्या घेऊन आली. टेबलांवरच्या मीठ-मिरीच्या बाटल्या गायब. वाचनालय बंद. बुफेत आता कर्मचारीच वाढतात, चिमट्याला कुणाला हात लावू देत नाहीत. कप्तानाच्या मेजवानीत हस्तांदोलनाऐवजी कोपराला कोपर. "आणि त्या गाणाऱ्या पोराशेजारी आता एक दांडगा माणूस उभा केलाय. तो गात नाही. नुसतं बेसिनाकडे बोट दाखवतो."

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही दुब्रोवनिकसमोर नांगरलो. मोठ्या बोटी धक्क्याला लागतात किंवा लोक्रुम बेटाजवळ नांगर टाकून छोट्या होड्यांनी माणसं किनाऱ्यावर नेतात. आमची नांगरावर होती. ताई सात वाजताच तयार. टोपी, पाण्याची बाटली, बुटांच्या नाड्या बांधून झालेल्या. दाराच्या मुठीला हात लावला, थांबली, आणि परत येऊन पलंगाच्या कडेवर बसली. उजव्या बुटाची नाडी सोडायला लागली.

"काय गं?"

"काही नाही. तो फोन दे जरा."

"अगं, थोडं थांबून बघ ना. कदाचित..."

"फोन दे."

तिने दवाखान्याला सांगितलं, केबिन नंबर सांगितला, वेळ सांगितली. सात वाजून बारा मिनिटं. मग डावा बूट काढला आणि न्हाणीघराकडे गेली. माझ्यापासून तिच्यापर्यंत यायला त्याला दीड दिवसही लागला नव्हता. एवढी हात धुणारी बाई, पण मी ज्या फरशीवर पडले होते तीच फरशी तिला वापरावी लागत होती.

दुपारी सफाईवाले दोघं आले. आम्हाला एका कोपऱ्यात बसवून त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने सगळं पुसून काढलं. दाराची मूठ, दिव्याची बटणं, टीव्हीचा रिमोट, टेलिफोन, अगदी कपाटातल्या हँगरांच्या दांड्यासुद्धा. चादरी-टॉवेल वेगळ्या पिशवीत भरून तोंड बांधून नेले. त्यातल्या एकाची बोटं धुऊन धुऊन पांढरी पडली होती, हातमोजे बदलताना दिसलं. तो हसून म्हणाला, कालपासून ही त्याची तेविसावी केबिन.

ते गेल्यावर मी खिडकीशी बसले. आमची खिडकी उघडणारी नव्हती, जाड काच, बाहेरून मिठाचे ओघळ. नांगरलेली बोट एका जागी राहत नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. वारा आणि प्रवाह बदलेल तशी ती नांगराभोवती हळूहळू फिरते. त्यामुळे दुब्रोवनिक काचेत यायचं आणि जायचं. आधी नुसतं पाणी, मग लोक्रुमची झाडी, मग एका बाजूने ती तटबंदी सरकत यायची, तांबडी कौलं, तटावर चालणारी ठिपक्यांएवढी माणसं. पंधरा-वीस मिनिटं राहायची आणि पुन्हा पाणी.

तटाच्या उजव्या अंगाला, वेशीबाहेर, पाण्यालगत दगडी इमारतींची एक बुटकी रांग दिसत होती. ते लाझारेती. परगावाहून आलेल्या माणसांना आणि मालाला डांबून ठेवायची सतराव्या शतकातली जागा. तिच्याही कितीतरी आधी, १३७७ मध्ये, याच गावाच्या महासभेने ठराव केला होता की प्लेगच्या मुलखातून येणाऱ्या कुणीही मर्कान बेटावर किंवा त्साव्तात गावी एक महिना काढल्याशिवाय गावात पाऊल टाकायचं नाही. पुढे त्या महिन्याचे ४० दिवस झाले. इटालियनमध्ये चाळीस म्हणजे क्वारान्ता, त्यावरून क्वारंटाइन. म्हणजे परक्यांना वेशीबाहेर थांबवायचं, हा कायदा ज्यांनी केला त्यांच्याच गावासमोर मी कोंडून बसले होते. आणि गाव साडेसहाशे वर्षं नियमात पक्कं होतं.

"आलं का परत?" ताईने पांघरुणातून विचारलं.

"येतंय. लोक्रुम दिसायला लागलं."

"तट आला की सांग."

तट आला तेव्हा तिला झोप लागली होती. उठवलं नाही. तिच्यासाठी फोटो काढत राहिले.

सहाव्या दिवशी दुपारी माझी सुटका झाली. लिफ्टमध्ये ते चिमटेवाले म्हातारबाबा भेटले. चेहरा उतरलेला, हातात क्षाराच्या पुड्या. बोटाच्या पेराने बटण दाबून ते म्हणाले, "बायकोला होतंय. दोन दिवस झाले." मी विचारलं, "आणि तुम्हाला?" "मला आधी," ते म्हणाले. "मला वाटलं, बोट लागली." चौथा मजला आला, दार उघडलं, ते गेले. चिमट्याचं त्यांना सांगायचं ठरवलं होतं, ते तोंडातून बाहेर पडलंच नाही.

त्रिएस्तेला ताई माझ्या खांद्यावर हात टाकून उतरली. तिचे ४८ तास भरायला थोडे कमी होते. तिने ते उतरताना स्वतःहून सांगितलं. मग आम्हाला सगळ्यांच्या शेवटी, वेगळ्या दाराने सोडलं.

माझ्या फोनमध्ये दुब्रोवनिकचे ४१ फोटो आहेत. सगळे एकाच काचेतले. सव्विसाव्या फोटोत तट पूर्ण आलाय, अगदी मधोमध, आणि काचेत मागे पांघरूण ओढून झोपलेली ताई.