सूरजकुंडचा मेळा आणि निजामुद्दीननंतरचे पंधरा किलोमीटर

सूरजकुंडच्या हस्तकला मेळ्यात विकायचा माल पुण्याहून हजरत निजामुद्दीनपर्यंत गोवा एक्सप्रेसने ओरखडाही न पडता आला. फटका बसला तो पुढच्या पंधरा-सोळा किलोमीटरमध्ये. आधी जाऊन आलेल्या एकाने सांगितलं होतं, "स्टेशनबाहेर टेम्पो उभेच असतात, मेळ्याचं नाव सांगा, झोपडीच्या (म्हणजे तिथल्या स्टॉलच्या) दारात सोडतात." त्यातलं टेम्पो उभे असतात एवढंच खरं निघालं.

माल असा होता: वारलीच्या १८ फ्रेमा, गुंडाळून नळीत घातलेली १६ मोठी वारली चित्रं, पिंगुळीची चित्रकथी (गोष्ट सांगण्यासाठी कागदावर काढलेली चित्रं) आणि सावंतवाडीच्या गंजिफांचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचे, ६ संच. रेल्वेच्या डब्यात १०० × ६० × २५ सेंमीपेक्षा मोठी पेटी चालत नाही, त्यामुळे फ्रेमांची खोकी पार्सल म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) टाकावीच लागतात. गंजिफा मात्र हातातल्या बॅगेत ठेवा, पार्सलला देऊ नका.

आता टेम्पो. निजामुद्दीन दिल्लीत आणि सूरजकुंड हरियाणात, फरिदाबाद जिल्ह्यात. रेल्वेतून माल उतरवून टेम्पोत चढवला की ई-वे बिलाच्या (जीएसटीखाली माल नेताना ऑनलाइन काढायच्या कागदाच्या) भाग-ब मध्ये त्या टेम्पोचा नंबर भरावा लागतो. तो भरला नसेल तर टेम्पोवाल्याला आयतं कारण मिळतं. भाव ठरला १,८०० ला. बदरपूरच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन "कागज पूरा नहीं है, बॉर्डर का अलग लगेगा" सुरू झालं आणि फाटकापाशी आकडा ४,२०० वर गेला. बॉर्डरवर कोणी गाडी थांबवलीसुद्धा नाही. तेव्हा माल चढवण्याआधी नंबर प्लेटचा फोटो काढा, मोबाइलवरच भाग-ब भरा आणि प्रिंट चालकाला दाखवा. "गेट तक, सब मिला के" हे शब्द व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. सकाळ-संध्याकाळ ठरावीक तासांत दिल्लीत मालगाड्यांना बंदी असते, म्हणून गाडी सकाळी पोचत असेल तर दुपारपर्यंत माल पार्सल ऑफिसातच राहू द्या. घाईत धरलेला टेम्पो रिंगरोडवर अडकून पडतो आणि त्याचंही 'वेटिंग' आपल्याच खिशातून जातं.

कारागीर जीएसटी नोंदणीतून सुटलेला असला, तरी हस्तकलेचा माल राज्याबाहेर नेताना ई-वे बिल लागतंच. ५० हजारांची मर्यादा तिथे लागू नाही. गॅलरीची नोंदणी महाराष्ट्रातली असेल तर हरियाणात विकण्यासाठी कॅज्युअल (तात्पुरता) करदाता म्हणून किमान ५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. ती नोंदणी ९० दिवस चालते आणि अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो. ठरावीक उलाढालीपर्यंत हातकामाच्या मालाला यातून सूट आहे. ती आपल्याला लागू होते का, हे सीएकडून लेखी घ्या. सरकारच्या हस्तकला यादीत गंजिफाला ९५०४ या जीएसटी कोडखाली स्वतंत्र ओळ आहे, हे सांगितल्यावर आमचे सीएही हसले.

फाटकापासून झोपडीपर्यंतचा शेवटचा तुकडा चढउताराचा आणि खडीचा. मेळा चालू असताना गाडी आत येत नाही, माल हातगाडीवर न्यावा लागतो. आमची एक काच फुटली ती इथेच, कारण फ्रेमा खोक्यात आडव्या रचल्या होत्या. काचेच्या फ्रेमा उभ्याच ठेवायच्या, तोंडाला तोंड लावून, मध्ये पुठ्ठा. काचेवर मास्किंग टेपची फुली मारली तर फुटली तरी चित्रावर सांडत नाही. काच जड म्हणून तिच्याऐवजी अॅक्रिलिकची पारदर्शक शीट लावायचा मोह होतो. वारलीला अॅक्रिलिक लावू नका. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग वरवर बसलेला असतो आणि अॅक्रिलिक पुसलं की त्यात स्थिर वीज येते. ती धूळ तर ओढतेच, पण सुटलेले पांढरे कणही ओढून घेते. काच लावा आणि चित्र काचेला टेकणार नाही असं माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) ठेवा. गेरूच्या कापडावरची चित्रं गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची, वर बटर पेपर. बबल रॅप थेट चित्रावर कधीच नको.

झोपडी गवताने शाकारलेली असते. दिसायला सुंदर, दुकान म्हणून वाईट. भिंतीत खिळा धरत नाही. २ × ५ फुटांच्या चार लोखंडी जाळ्या आणि ६० एस-हुक घरूनच न्या. फेब्रुवारीत पहाटेचं दव छपरातून ठिबकतं, म्हणून आतून सिलपॉलिन (प्लास्टिकची ताडपत्री) ताणा आणि रात्री मागच्या भिंतीवरची चित्रं उतरवून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा. पहिल्याच सकाळी चित्रकथीच्या दोन कागदांना लाटा आल्या होत्या.

सगळ्यात मोठी चूक उजेडाची झाली. भाड्याने हॅलोजन मिळाला, तो गंजिफांच्या डब्यापासून दोन फुटांवर लावला. गंजिफांवर लाखेची झिलई असते. तासाभरात मत्स्य अवताराचे १२ पत्ते एकाला एक चिकटून वडीसारखे झाले. अशा वेळी नखाने किंवा सुरीने सोडवू नका. थंडीत रात्रभर ठेवले की लाख कडक होते, मग दोन्ही अंगठ्यांनी आडवं सरकवायचं. नऊ पत्ते धड सुटले, तिघांची झिलई उडाली. स्वतःचे एलईडी न्या, ९० च्या वर सीआरआयचे (रंग खरे दाखवण्याचा आकडा), म्हणजे गेरू तपकिरी दिसत नाही. २० मीटर वायरही न्या.

दशावतारी संचात १० अवतारांचे १२-१२ असे १२० पत्ते. एक हरवला की संच गेला. गिऱ्हाईक पत्ता हातात घेणारच आणि पोर तो खिशातही घालणार. मांडणीत फक्त दहा राजे ठेवा, हाताळायला एक जुना संच, आणि रोज रात्री बाराबाराच्या गड्ड्या मोजा.

विक्रीचं म्हणाल तर ३०० ते १,५०० पर्यंतचं जातं. मोठ्या फ्रेमांसमोर लोक सेल्फी काढतात. अठरापैकी दोन गेल्या. पुढच्या वेळी मोठ्या चारच न्यायच्या. "ये प्रिंट है ना?" हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा येतो. त्याला उत्तर देत बसण्यापेक्षा कारागिराला पुढे बसवून हातात बांबूची काडी द्या, प्रश्न थांबतो. शनिवार-रविवारी नेटवर्क बसतं, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं आणि ३,००० ची सुट्टी रोकड जवळ ठेवा. मधल्या आठवड्याचे दिवस बरे गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तारखा दरवर्षी सरकतात. २०२४ ला मेळा २ ते १८ फेब्रुवारी होता, २०२५ ला ७ ते २३. त्या जाहीर झाल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नका. शेवटच्या रात्री सगळ्या झोपड्या एकदम रिकाम्या होतात आणि टेम्पोवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. न विकलेल्या मालाचं डिलिव्हरी चलन (मालासोबतचा कागद) आणि ई-वे बिल त्या रात्री करून ठेवा, माल दुसऱ्या दिवशी दुपारी हलवा. आम्ही तसंच केलं. तेवढंच अंतर, १,६०० रुपये.