'जीभ' सुटली!

अकरा दिवस जिवाला घोर लावून बसलेला शब्द काल सकाळी दात घासताना सुटला: 'जीभ'ला यमक सापडलं!

क्रॅम्बो म्हणजे यमकांचा खेळ: एकाने शब्द द्यायचा, दुसऱ्याने त्याला यमक जुळवायचं. मराठी क्रॅम्बोचे नियम मागच्या नोंदीत आहेतच. क्रियापदांची यमकं बाद. 'जातो-खातो' चालू दिलं तर खेळ कसला? 'माळ'शी जुळणारा शब्द ओळखायचा तर थेट नाव घ्यायचं नाही. 'आग लागली की उठतो तो?' 'नाही, जाळ नाही.' इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स मे 1660 मध्ये हेगला जाताना गाडीत हेच खेळत होता. त्याला कुणी 'जीभ' दिली नसावी. माझ्या भिडूने दिली.

लाभ, लोभ, क्षोभ, नभ. शेवटी भ सगळ्यांच्या, आधी ई कुणाच्याच नाही. यमकं शोधणारं एक ॲप घेतलं, त्याने 'गर्भ' सुचवला. कानच नाहीत त्याला! त्यापेक्षा शेवटच्या अक्षराप्रमाणे पानं पाडलेली माझी वही बरी. 'जिभेला' करून निसटता आलं असतं, पण मग यमक 'ला'चं झालं.

परवा वाटलं, शब्दच फोडू. 'आजी भ-' इथे ओळ तोडायची, '-लतंच बोलली' खाली. कागदावर झकास, मोठ्याने म्हटलं आणि आपटलं. 'जीभ'मधला भ बोलताना मिटतो, 'भलतंच'मधला उघडा राहतो. (वृत्तात दोन्ही उघडे म्हणतात, पण आपण बोलीत खेळतोय.) म्हणजे भ जोडाक्षरातला हवा. भ्रमर, भ्रष्ट... भ्याली!

चहाडी करून नामानिराळी राहते जीभ,
घरात पेटलं भांडण आणि आजी भ्-
याली.

भिडू म्हणतो, 'जी' दोन्हीकडे तोच, हे यमक नव्हे, पुनरुक्ती. अरे, संस्कृत अलंकारशास्त्रात यमक म्हणतात ते यालाच: तीच अक्षरं, अर्थ वेगळा! तरी नकोच असेल तर आजीच्या जागी 'राणी' घाल. आजी मात्र मी सोडणार नाही.

पुढे मूक क्रॅम्बो घेणार होतो, हातवाऱ्यांचा. पण हे लिहितानाच द्युलो आठवला. सतराव्या शतकातला हा फ्रेंच कवी तीनशे सुनीतं हरवली म्हणून रडला, आणि निघाली नुसती यमकं, ओळी लिहायच्याच होत्या! त्यातूनच बू-रिमे आलं: यमकं आधी, कविता मागून. तर मूक क्रॅम्बो रद्द. फुटक्या यमकांचं बू-रिमे करू. पहिली यादी त्याच भिडूला पाठवतोय, 'आजी भ्-' सगळ्यात वर.