सायकल मंडळाचा मेळावा आणि भाता धरणारी माणसं

सायकल मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात प्रास्ताविक होतं, वर्षाचा अहवाल वाचला जातो, जमाखर्चाला मंजुरी मिळते, पाहुण्यांची ओळख करून दिली जाते. हे सगळं ठरल्या क्रमाने होतं आणि व्हायलाच हवं. हिशेब दरवर्षी उघड वाचले जातात म्हणून तर मंडळात कधी पैशांवरून वितुष्ट आलं नाही. पण त्याबद्दल जास्त लिहीत नाही. माझ्या लेखी मेळावा सुरू होतो तो मंचावरच्या खुर्च्या मागे सरकवून तिथे चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा स्टँड मांडला जातो तेव्हा.

मिस्त्रीकाकांच्या प्रात्यक्षिकाचा विषय दरवर्षी एकच असतो: लडबडणारं चाक सरळ करणं. विषय बदला, असं कार्यकारिणीत कुणी ना कुणी सुचवतंच, आणि माझा त्याला ठाम विरोध असतो. पाहुण्यांची भाषणं येतात आणि जातात. हे प्रात्यक्षिक बघून मात्र माणसं घरी जाऊन आपलं चाक उलटं करून बसतात.

जमलेल्या सायकलींपैकी जिचं मागचं चाक सगळ्यात जास्त लडबडतं, तिचं चाक काका घेतात. टायर-ट्यूब उतरवून रिम स्टँडवर चढवली, की तारा आवळायची चावी हातात घेण्याआधी ते तारा बोटाने छेडत जातात. बत्तीस तारांच्या चाकात एका बाजूला सोळा. मागच्या चाकात उजवीकडे कॅसेटला, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांना, जागा द्यावी लागते, त्यामुळे उजव्या तारा जास्त उभ्या बसतात आणि जास्त ताणाव्या लागतात. म्हणून उजव्यांचा सूर चढा, डाव्यांचा उतरता. डाव्या तारेची तुलना डाव्या तारेशीच करायची, हे काका पहिल्यांदा सांगतात. सोळांपैकी एखादी तार गाता गाता ठप्प वाजली की तिच्याजवळ रिमवर खडूची खूण होते. आउट काढायची घाई नाही, आधी या सैल तारा शेजारणींच्या बरोबरीला आणायच्या. निम्मा आउट बहुतेक वेळा तिथेच जातो.

मग चावी. निपलला, म्हणजे तारेच्या रिमकडच्या टोकावरच्या नटाला, घट्ट बसेल अशाच मापाची, कारण थोडी जरी सैल असली तरी ती निपलचे कोपरे खाते आणि मग ते निपल पकडीने फिरवण्यापलीकडे इलाज उरत नाही. रिम डावीकडे घासत असेल, तर त्या जागेच्या उजव्या तारा पाव फेरा आवळायच्या आणि डाव्या पाव फेरा सोडायच्या. एकाच तारेवर सगळा भार टाकायचा नाही, तीन-चार तारांत वाटून द्यायचा. निपल टायरच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळतं. पण आपण स्टँडसमोर बसतो तेव्हा चाकाचा खालचा भाग हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, बाजूने दिसतो आणि दिशा उलटी भासते. नवशिक्यांची गफलत नेमकी इथेच होते: आवळतोय असं समजून सोडत जातात आणि आउट वाढत जातो. आडवा आउट गेला की वर-खालचा उंचवटा बघायचा. तिथे डावी-उजवी अशा जोडीने तारा आवळून रिम हबकडे ओढायची. आणि शेवटी, जे दुकानांत घाईघाईत राहून जातं, ते काम: समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या मुठीत धरून चाकभर दाबत जायचं. चावी फिरवताना तारेलाही थोडा पीळ बसलेला असतो, तो टिक-टिक आवाज करत सुटतो. हे केलं नाही तर तो पीळ रस्त्यावर सुटतो आणि पहिल्याच राइडमध्ये चाक पुन्हा आउट.

तार तुटते ती जास्त आवळल्यामुळे, हा समज काका दरवर्षी खोडून काढतात. चाक फिरताना जी तार खाली येते तिचा ताण क्षणभर कमी होतो. नीट ताणलेल्या तारेत तेवढा ताण कमी झाला तरी पुष्कळ उरतो. सैल तार मात्र दर फेऱ्याला पार ढिली पडते, पुन्हा ओढली जाते, आणि हजारो फेऱ्यांनंतर हबपाशी जिथे तिला बाक आहे तिथे तुटते. म्हणून एक तार तुटली की नवी घालून मोकळं व्हायचं नाही. बाकीच्या किती सैल आहेत ते त्याच बैठकीत बघायचं.

मला जे दरवर्षी हलवतं ते यानंतरचं. चाक सरळ झालं की काका मंडळात सगळ्यात नव्याने आलेल्या सभासदाला पुढे बोलावतात, डोळे मिटायला सांगतात आणि एकेक तार छेडायला लावतात. उजव्या सोळा, मग डाव्या सोळा. ध्वनिक्षेपक तारांपाशी धरलेला असतो. सूर जुळलेले ऐकताना त्या पोराच्या किंवा पोरीच्या चेहऱ्यावर जे येतं, ते टाळ्या घेणाऱ्या कुठल्याही भाषणाने आणलेलं मी पाहिलेलं नाही.

पंक्चरचं प्रात्यक्षिक ताई घेतात. त्या सुरुवात इतिहासाने करतात आणि ती योग्यच आहे. डनलॉपने १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं तेव्हा टायर रिमला चिकटवलेला असे. पंक्चर काढणं हे दिवसभराचं काम होतं. मिशेलिनने काढता-घालता येणारा टायर आणला आणि १८९१ साली शार्ल तेराँने पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची पहिली शर्यत त्याच टायरवर जिंकली. वाटेत बसून पंक्चर काढायची सोय तिथून रुळली. हे सांगता सांगता ताईंची ट्यूब बाहेर आलेली असते.

ट्यूब काढली की ती लगेच पाण्यात बुडवायची नाही, आधी भोक कुठे आहे ते वाचायचं, हा त्यांचा आग्रह. टायरवरची कंपनीची छापील पट्टी नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असा टायर चढवलेला असला, तर ट्यूबमधल्या भोकावरून टायरमधली जागा सापडते आणि काटा आत राहून गेला असेल तर तो तिथेच मिळतो. शेजारी शेजारी दोन लांबट भोकं म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. भोक रिमकडच्या अंगाला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे, तारेचं टोक किंवा भोकाची कड टोचते आहे. पट्टी न बदलता कितीही ठिगळं लावा, पुन्हा तेच. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर पंप लावताना व्हॉल्व्ह वाकवला जातोय.

ठिगळाच्या बाबतीत लोकांना धीर नसतो. ठिगळापेक्षा मोठी जागा पॉलिश पेपरने घासायची, साच्याची उभी रेघ असेल तर ती सपाट होईपर्यंत. सोल्यूशनचा पातळ हात, आणि मग थांबायचं. चकाकी जाऊन ते सुकेपर्यंत, साधारण पाच मिनिटं. ओल्यावर चिकटवलेलं ठिगळ कडेने उचलतं. ही पाच मिनिटं भरण्यासाठी ताई सभेला पॅडलचे आटे विचारतात: उजवं पॅडल सरळ आट्यांचं, डावं उलट आट्यांचं, म्हणजे दोन्ही पॅडलं पुढच्या दिशेला फिरवली की बसतात आणि मागच्या दिशेला फिरवली की सुटतात. दरवर्षी हात वर होतात, दरवर्षी निम्मी उत्तरं चुकतात, आणि ताई न चिडता पुन्हा दाखवतात.

बाहेर ओट्यावर चेनची तपासणी चालू असते. फूटपट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवायचा. नव्या चेनमध्ये बारा इंचांवर बरोबर दुसऱ्या एका पिनचा मध्य येतो. एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेला असेल तर चेनने कॅसेटचे दातही आपल्या मापाने झिजवलेले असतात आणि नवी चेन त्यावर उड्या मारते. वेळेत चेन बदलणाऱ्याची कॅसेट कितीतरी जास्त चालते. एवढी साधी गोष्ट लोकांनी ऐकावी म्हणून तिथली दोन मुलं पट्टी घेऊन रांगेतली एकही सायकल सोडत नाहीत.

दुपारनंतर ब्रेव्हेवाल्यांचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या राइड ठरल्या वेळेत पुऱ्या करणाऱ्यांचा, सत्कार. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३००ला वीस, ४००ला सत्तावीस, ६००ला चाळीस. एका मोसमात चारही पूर्ण करणाऱ्याला सुपर रँडोनर म्हणतात. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आता शर्यत राहिलेली नाही, दर चार वर्षांनी होणारी १२०० किलोमीटरची नव्वद तासांची राइड झाली आहे, तीसुद्धा पुरी करणाऱ्यांचं कौतुक होतं. सत्काराला गर्दी असते, त्यामुळे त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मला लिहायचंय ते त्यानंतर सर सांगतात त्या गोष्टीबद्दल. सरांच्या हातात मोडका फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, असतो आणि गोष्ट असते १९१३च्या टूर द फ्रान्समधल्या युजीन क्रिस्तोफची. पिरेनीज पर्वतात तुर्मालेचा घाट उतरताना त्याचा फोर्क मोडला. नियम असा, की दुरुस्ती ज्याची त्याने करायची, बाहेरची मदत घ्यायची नाही. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरहून जास्त चालत सेंत-मारी-द-कांपाँ गावात उतरला, लोहाराची भट्टी गाठली आणि पर्यवेक्षकांच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. दोनच हात, एका हाताने सांडशी, दुसऱ्याने हातोडा. भाता एका पोराने चालवला. त्या भात्याबद्दल क्रिस्तोफला दंड झाला. इतके तास घालवूनही त्याने शर्यत सोडली नाही, सातव्या क्रमांकावर पूर्ण केली.

सर इथे थांबतात आणि विचारतात, "त्या पोराला कुणी आभाराच्या भाषणात घेतलं का?" आणि मग, "आपल्याकडे मदत घेणं हा गुन्हा नाही. आपल्याकडे भाता धरणाऱ्याचं नाव आधी वाचायचं." त्यानंतर आभाराची यादी वाचली जाते. आमच्या मेळाव्यात आभार हा शेवटचा उरकायचा विषय नाही, तो मुख्य कार्यक्रम आहे, आणि माझं मन त्यात सगळ्यात जास्त गुंतलेलं असतं.

म्हणूनच मनातलं एक दुखणं स्पष्ट लिहितो. सकाळच्या राइडला मैदान भरलेलं असतं. फोटो झाला की अर्धी माणसं जातात, प्रात्यक्षिकाला आणखी कमी, आणि आभाराची यादी वाचली जाते तेव्हा बहुतेक करून यादीतली माणसंच समोर असतात. मग पुढे वर्षभर गिअर नीट पडत नाहीत म्हणून फोन येतात ते याच निघून गेलेल्यांचे. सायकल उजव्या अंगावर पडली की डिरेलरचा, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा, हँगर (तो फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकतो, आणि तशाच अवस्थेत सगळ्यात हलक्या गिअरवर गेलं तर डिरेलर तारांत घुसून चाक, हँगर, चेन सगळंच जातं. हे प्रात्यक्षिकात दरवर्षी दाखवलं जातं. घरच्या अडचणी सगळ्यांना असतात, मान्य; पण दीड तास थांबणं एवढं अवघड नाही.

यादीतली नावं मंडळाच्या वहीत आहेत. इथे कामानिशी सांगतो, म्हणजे कुणी सुटलं तर लक्षात येईल. उजाडायच्या आत फाटक उघडणारे राखणदार. आवार देणारी शाळा आणि बाकं हलवणारे तिथले शिपाईमामा. रात्री सायकलवर हिंडून रस्त्यातले नवे खड्डे खडूने आखणारी जोडी. वळणावळणावर उभे राहिलेले स्वयंसेवक, जे शेवटचा सायकलस्वार वळून जाईपर्यंत जागा सोडत नाहीत. आणि त्या शेवटच्याच्या मागे राहणारा आमचा शेपटीवाला. त्याला स्वतःच्या वेगाने जाताच येत नाही, सगळ्यात हळू माणसाचा वेग तोच त्याचा वेग, आणि पंप, दोन ट्यूब, चेनची जोडकडी, गाठी मारायच्या पट्ट्या हे सगळं ओझं त्याच्याच पाठीवर. प्रथमोपचाराची पेटी सांभाळणाऱ्या डॉक्टरताई. उभा पंप घरून आणून दिवसभर इतरांना वापरू देणारे आजोबा. हँगरची पेटी ठेवणारा मुलगा: एका सायकलचा हँगर दुसरीला बसत नाही, म्हणून त्याने प्रत्येकाला दोरा बांधून मॉडेलचं नाव लिहून ठेवलंय, आणि या खटाटोपामुळे कितीतरी जणांना अर्ध्या वाटेतून ट्रकने घरी यावं लागलेलं नाही. मिस्त्रीकाकांना तारा मापाप्रमाणे काढून देणारी त्यांची नात. ध्वनिक्षेपक तारांपाशी हात न हलवता धरणारे काका. वाटनकाशे हाताने काढणाऱ्या वहिनी. फोनची बॅटरी संपलेल्यांना त्यांचं मोल विचारा. पंक्चरचं घमेलं भरणारी, रिकामं करणारी मुलं. चेन पुसून काळ्या झालेल्या चिंध्या गोळा करून नेणारे दोघं, कारण तेलाच्या चिंध्या शाळेच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत हे त्यांनीच ठरवलं. आणि राइडला कधीच न येणारे, पण वही लिहिणारे आमचे चिटणीस.

फोटो काढणाऱ्यांचं नाव मागच्या वेळी वाचायचं राहिलं होतं, ते या वेळी पहिलं वाचलं गेलं. आवार झाडून घेणाऱ्या मावशी वहीत आत्ताही नाहीत. चिटणिसांना सांगितलं आहे.

जाता जाता एक विनंती. रात्री पेटी मोजताना पॅडलचा पंधराचा पाना आणि निपलची चावी कमी भरली. गर्दीत कुणाच्या पिशवीत गेली असेल तर काकांकडे पोचवावी. ती चावी त्यांनी निपलच्या मापाला स्वतः घासून बसवलेली आहे, तशी बाजारात मिळत नाही.