आमची वाटचाल : रिकाम्या महिन्याचा हिशेब

सासरे २०११ मध्ये नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांच्या फंडाच्या पैशांतून पाथर्डी फाट्याजवळ वन बीएचके फ्लॅट घेतला गेला. आमच्या व्यवसायाची सुरुवात तिथूनच झाली. हा व्यवसाय आहे, हे मात्र तेव्हा आम्हा कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. घरातील पुरुष मंडळी शिफ्टमध्ये असल्याने भाडेकरू शोधणे, भाड्याची आठवण करून देणे आणि नळ गळू लागला की प्लंबरच्या मागे लागणे ही कामे माझ्याकडे व माझ्या नणंदेकडे आली. पुढे पुण्याला बदली झालेल्या दोन शेजाऱ्यांनी त्यांच्या किल्ल्याही आमच्याकडे सोपवल्या. आज आम्ही दोघी मिळून त्रेचाळीस फ्लॅट सांभाळतो, त्यांपैकी चार आमचे स्वतःचे आहेत.

व्यवहाराचा पहिला धडा २०१४ मध्ये मिळाला. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमधील कुटुंब महिन्याला ५,५०० रुपये वेळेवर देत असे. बाजारात ६,००० मिळतात असे ऐकून आम्ही भाडे वाढवून मागितले आणि ते घर सोडून गेले. त्यानंतर फ्लॅट दोन महिने रिकामा राहिला. ६,००० रुपयांनी अकरा महिने आणि ५,५०० रुपयांनी बारा महिने, दोन्हींची बेरीज ६६,००० रुपयेच होते. म्हणजे एक महिना रिकामा गेला की वाढ तिथेच संपते, आणि आमचे तर दोन महिने गेले होते. शिवाय घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि वीजबिलातील स्थिर आकार घर बंद असले तरी चालूच राहतात, रंगकाम आणि दलाली वेगळी. चांगल्या भाडेकरूला दोनपाचशे रुपये कमी घेऊन राखावे, हे आमचे धोरण तेव्हापासूनचे आहे आणि नव्या मालकांना ते पटवणे हेच आमचे सर्वांत अवघड काम आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र आम्ही कोणाचीही भीड धरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात. एकूण भाडे आणि अनामत रकमेवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आणि शहरात १,००० रुपये नोंदणी फी, एवढ्यासाठी ‘ओळखीचेच आहेत’ म्हणून करार टाळणारे मालक पाहिले की नवल वाटते.

दुरुस्तीचा विषय निघाला की मला इंदिरानगरचा एक फ्लॅट आठवतो. त्याच्या बाथरूममधून खालच्या काकूंच्या देवघराच्या भिंतीवर ओल उतरली. प्लंबरने तीन हजार रुपये घेऊन टाइल्सच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरले, आम्ही निश्चिंत झालो आणि महिन्याभरात काकूंनी आम्हाला बोलावून भिंतीचे सुटलेले पोपडे दाखवले. शेवटी नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतून पाणी जाण्याच्या जागी बसवलेला भाग, उकरला तेव्हा कळले, की ट्रॅप आणि खालचा पाइप यांचा जोडच सुटला होता. वरवरच्या सिमेंटचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आता भाडेकरू बदलताना आम्ही प्रत्येक नहाणीत दहा बादल्या पाणी एकापाठोपाठ सोडतो आणि तासाभराने खालच्या घरी जाऊन छताला हात लावून पाहतो. वीजमीटरच्या रीडिंगचा फोटोही त्याच दिवशी काढला जातो.

दुरुस्तीची बिले जपून ठेवली की आयकरात सूट मिळते, असा अनेक मालकांचा समज असतो. प्रत्यक्षात भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. खर्च शून्य असो वा लाखभर, आकडा तोच. त्यामुळे वर्षाच्या भाड्यातील एक महिना दुरुस्तीसाठी बाजूलाच ठेवावा, असे आम्ही सांगतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गंगापूर रोड परिसरातील विद्यार्थ्यांचे सहा फ्लॅट एकदम रिकामे झाले. कारखान्यांतील कामगार कुटुंबांनी मात्र उशिरा का होईना, भाडे दिले, आणि त्यानंतर आम्ही एकाच प्रकारच्या भाडेकरूंवर विसंबणे सोडले.

सध्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तोंडावर पंचवटी आणि द्वारका भागातील मालक विचारू लागले आहेत, की भाडेकरूंना काढून फ्लॅट भाविकांना दिवसाच्या दराने द्यावेत का. नणंद त्यांच्यासमोर कागद ठेवून पर्वण्यांचे मोजके दिवस एका बाजूला आणि त्याआधीचे व नंतरचे रिकामे महिने दुसऱ्या बाजूला मांडते. दोघांनी तरीही किल्ल्या परत नेल्या. बाकीच्यांचे करार आम्ही गेल्या महिन्यात जुन्याच भाडेकरूंच्या नावाने पुन्हा नोंदवले.