आईच्या नावातलं 'बेन' आणि साडेतीन लाखांतलं युरोप

जानेवारी 2025 मध्ये आईनं एका टूरवाल्याचं पत्रक आणून माझ्यापुढे ठेवलं. बारा दिवसांत आठ देश, माणशी तीन लाख वीस हजार, व्हिसाचे वेगळे. आई सदुसष्टची. बाबा गेल्यापासून लग्नकार्याशिवाय बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजाराबाहेर न पडलेली, आणि आता एकदम युरोप! पत्रक नीट वाचलं तर निम्म्या ठिकाणांपुढे 'फोटो स्टॉप' लिहिलेलं. म्हणजे बस थांबणार, उतरायचं, फोटो काढायचा, परत चढायचं. गुडघेदुखीच्या बाईला ही सहल नव्हे, कवायत.

मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात हिशेब सांभाळते, त्यामुळे हात आपोआप एक्सेलकडे गेला. आपण स्वतः जुळवलं तर दोघींचं मिळून किती होईल, एवढंच बघायचं होतं. दोन रविवार आठ देशांची आकडेमोड केली आणि टूरवाल्याच्याही पुढे गेले. मग लक्षात आलं की पैसे राहण्या-खाण्यात कमी आणि गाव बदलण्यात जास्त जातायत. नवं शहर म्हटलं की नवं तिकीट, स्टेशनपासून टॅक्सी, बॅगा ओढण्यात गेलेला अर्धा दिवस. तेव्हा देश कापायला घेतले. स्वित्झर्लंड पहिल्याच झटक्यात गेलं. पॅरिसला आई दोन दिवस रुसली. इटलीचा प्रश्न काकांनी सोडवला: "व्हेनिसची मोझॅक फरशी आपल्या लक्ष्मीविलासच्या दरबार हॉलमध्ये आहे, सयाजीरावांनी घालून ठेवलीय. तीच बघून या." महाराज स्वतः 1887 मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले होते हे मी सांगितलं, पण काकांवर परिणाम नाही.

उरली चेकमधलं प्राग, ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना आणि हंगेरीतलं बुडापेस्ट. तिन्ही एका रेल्वेमार्गावर ओळीनं. प्राग ते व्हिएन्ना चार तास, पुढे बुडापेस्ट तीन तासांच्या आत. सगळे म्हणत होते युरेल पास काढ, म्हणजे युरोपभर चालणारा रेल्वेचा पास. पण पास रोज गाडी बदलणाऱ्याला परवडतो, आम्हाला तर दोनच प्रवास करायचे होते. ती दोन तिकिटं रेल्वेच्या साइटवर आधीच काढली, तर पासाच्या पासंगालाही पुरली नाहीत.

विमानात एक गोष्ट शिकले. येण्याजाण्याचं तिकीट एकाच शहराचं काढलं की परतीसाठी मागे यावं लागतं. 'मल्टी सिटी' घातलं: अहमदाबादहून प्राग, बुडापेस्टहून अहमदाबाद, मध्ये आखातात विमान बदलायचं. मुंबईहून माणशी सहा हजार कमी दिसत होते, पण रात्रीची गाडी, टॅक्सी आणि आईचे हाल धरले तर ते सहा हजार बोरिवलीपर्यंतसुद्धा टिकत नव्हते.

तारखा ठरवताना घरात खरी लढाई झाली. मे-जूनमध्ये भाडी चढलेली, मार्च एंडला मला रजा नाही, गणपती सोडून आई हलणार नाही आणि बडोद्याची नवरात्र सोडून मी. मध्ये काय उरतं? पितृपक्ष. "श्राद्धात कुणी फिरायला जातं का गं?" आईनं विचारलं. मी म्हटलं, म्हणूनच रजा लगेच मिळेल. बाबांची तिथी द्वितीयेची. ती करून मग निघायचं, यावर तडजोड झाली.

आता व्हिसा. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातला देशांचा गट. त्यात 29 देश असले तरी अर्ज एकाच देशाकडे करायचा: जिथे सगळ्यात जास्त मुक्काम तिथे, आणि मुक्काम सारखे असतील तर जिथून आत शिराल तिथे. आम्ही आधी चार-चार-चार रात्री धरल्या होत्या. व्हिएन्नात बघण्यासारखं जास्त म्हणून तिथे पाच केल्या, बुडापेस्टला तीन, आणि अर्ज ऑस्ट्रियाकडे गेला. फी 90 युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार निराळा. युरो तेव्हा शंभराच्या आसपास, म्हणजे गुणाकार सोपा आणि क्लेशकारक. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, तो मात्र दीड-दोन हजारांत झाला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. आम्ही जुलैत केला.

एका ओळखीच्यानं सल्ला दिला की हॉटेलांची खोटी बुकिंगं लावा, सगळे लावतात. मी नाही लावली. फुकट रद्द होणाऱ्या खऱ्या खोल्या मिळतात, मग खोटेपणा कशाला? स्वयंपाकाचा ओटा असलेल्याच खोल्या घेतल्या. विमानाचंही फक्त रिझर्व्हेशन जोडलं, पैसे व्हिसा आल्यावर भरले. तोवर माणशी चार हजार वाढले होते. झोप लागली, त्याची किंमत समजून दिले.

कागद लावताना आईच्या नावात अडकलो. पासपोर्टावर आणि पॅनवर तिचं नुसतं नाव. पेन्शनच्या खात्यावर मात्र नावाला 'बेन', म्हणजे गुजरातीतली बहीण, चिकटलेलं. गुजरातेत पन्नास वर्षं काढली की कुठला तरी क्लार्क ते चिकटवतोच. पासबुकातली बाई आणि पासपोर्टातली बाई एकच, हे परदेशी माणसाला कसं पटायचं? कोर्टाजवळच्या नोटरीकडे स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं. त्यानं मान वर न करता विचारलं, "बेन काढवानुं छे के भाई?" आणि आमचे चेहरे बघून म्हणाला, "आ तो रोजनुं छे." आईला ते फार लागलं. "मी काय 'बेन' मागायला गेले होते?" असं परतीच्या रिक्षात दोनदा म्हणाली.

अहमदाबादच्या केंद्रात सकाळी साडेनऊची वेळ होती. पहाटेच्या गाडीनं गेलो, डब्यात थेपले. माझं दहा मिनिटांत झालं. आईचे ठसे मशीन घेईना. चाळीस वर्षं कणीक मळून आणि भांडी घासून बोटांच्या रेषाच गेलेल्या. काउंटरवरच्या मुलीनं ओला टिश्यू दिला, मग कोरडा दिला, चार बोटं वरून दाबून धरली. लाल दिवा. पाचव्यांदा आईनं बोटं सरळ स्वतःच्या भांगातून फिरवली, सकाळचं खोबरेल होतंच, आणि ठेवली. हिरवा. ती मुलगी हसली आणि शेजारच्या काउंटरवाल्याला बोलावून दाखवलं. पासपोर्ट तेरा दिवसांनी कुरियरनं घरी आले.

पैशांचं थोडक्यात सांगते. तीन शहरांत तीन चलनं: कोरुना, युरो, फोरिंट. एटीएम किंवा कार्डाचं मशीन विचारतं, रुपयांत कापू की इथल्या चलनात? नेहमी इथल्या चलनात म्हणा, नाहीतर दर त्यांच्या मर्जीचा लागतो. मी प्रागला पहिल्याच दिवशी घाईत रुपये दाबलं आणि एका रात्रीच्या जेवणाएवढे पैसे घालवले.

व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दूध, ब्रेड, बटाटे भरून ठेवा. पाणी विकत घेऊ नका. तिथल्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं, पहिली जलवाहिनी 1873 ची. आईनं चव घेतली आणि बडोद्याला येणाऱ्या आजव्याच्या पाण्यापेक्षा बरं आहे म्हणाली, हे तिच्या तोंडून प्रमाणपत्रच. सगळं धरून दोघींचे तीन लाख अठ्ठेचाळीस हजार झाले.

प्रागमध्ये पासष्टच्या पुढच्यांना ट्राम आणि मेट्रो फुकट, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. हे कळल्यापासून आई ट्राममध्ये बसली की पासपोर्ट पर्समधून काढून मांडीवर ठेवायची. तीन दिवस कुणी विचारलं नाही, तिचा हिरमोड. चौथ्या दिवशी तपासनीस आला. तिनं लगेच उघडून दाखवला. त्यानं जन्मतारीख बघितली, नाव बघितलं, पुन्हा एकदा नाव बघितलं आणि परत दिला. तो पुढच्या डब्यात गेल्यावर आई माझ्या कानाशी वाकली.

"बेन शोधत होता का गं?"