पुलाखालून

सव्वीस वर्षं मी वसईची खाडी दिवसातून दोनदा ओलांडली. दहिसरला घर, वसईला शाळा. भाईंदर सुटलं की पाणी, मध्ये पाणजू बेट, पुन्हा पाणी, की आलंच नायगाव. डब्यात मेथी निवडणारे हात तेवढ्यापुरते थांबायचे. पण त्या पाण्यावर जावं असं कधी मनात आलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर आलं.

डब्यातल्याच आम्ही सात जणी. भाईंदरच्या जेट्टीवरून होडीने वर गायमुखापर्यंत जाऊन यायचं ठरलं. खाडी खाडी म्हणतो आपण, पण ही आपली उल्हास नदी. राजमाचीच्या डोंगरात उगम, कल्याणवरून खाली येते आणि वसईला समुद्राला मिळते.

ओळखीतून एका नाखव्यांचा नंबर मिळाला. मी म्हटलं, "रविवारी दहाला निघू."

"तिथी कुठली?"

कालनिर्णय बघितलं. एकादशी.

"मग सव्वाआठला पाणी पुरं भरतंय. सहाला या."

हे कसं काढलंत, विचारलं तर म्हणाले, "तिथीची पाऊणपट, बाई." अकराची पाऊणपट सव्वाआठ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. जन्मभर पोरांना अपूर्णांक शिकवले मी, आणि हा एक मला कोणी सांगितला नव्हता! वर आणखी, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. "भांगाचं पाणी आळशी. वर चढायला मदत नाय करत."

अर्थात आम्ही सहाला पोचलो नाही. सात वाजले. कोणाची रिक्षा, कोणाची खिचडी (तिघींचा उपास होता). नाखवे काही बोलले नाहीत, फक्त जेट्टीच्या खांबाकडे बघितलं. शेवाळाची हिरवी रेघ केव्हाच पाण्याखाली गेली होती.

भरतीवर होडी वर जाते तेव्हा इंजिनाचा आवाजसुद्धा कमी करता येतो, पाणीच नेतं. रेल्वेचे पूल गेले, मग महामार्गाचा वर्सोवा पूल. वरून नेहमी ट्रकांची रांग दिसते, खालून फक्त धडधड ऐकू येते आणि मधूनच एखादा थेंब डोक्यावर पडतो. कसला ते विचारू नये. उजव्या हाताला टेकडीवर घोडबंदरचा किल्ला. अरबी घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर. रोज त्या नावाच्या रोडवर ट्रॅफिकला शिव्या देणाऱ्या आम्ही, बंदर मात्र पहिल्यांदाच बंदरासारखं पाहिलं.

पुढे दोन्हीकडे तिवरं आणि त्यामागे डोंगर. डावीकडचं नागल्याचं जंगलसुद्धा बोरिवलीच्या नॅशनल पार्कातच मोडतं, मधून ही खाडी गेली आहे एवढंच. तिवरांच्या मुळांशी चिखलावर निवटे मासे उड्या मारत होते. एक खंड्या होडीच्या पुढे पुढे, दर वेळी थोडं अंतर ठेवून, नवीन फांदीवर जाऊन बसत होता.

वाटेतच नाखव्यांनी होडी वळवली. गायमुख समोर दिसेल असं वाटत असताना! आम्ही कुरकुर केली. ते म्हणाले, "पाणी फिरलं. पुढं गेलो तर येताना वाळूवर बसू, मग संध्याकाळच्या भरतीपर्यंत खिचडी पुरवा." एका तासाच्या उशिराने गायमुख गेलं. चूक आमचीच होती.

परत येताना पाणजूच्या पुलाखाली होतो आणि वरून लोकल गेली. खिडक्या, दारात लटकलेले पाय. आणि धप्प! होडीपासून दोन हातांवर पिशवी पडली. झेंडू, उदबत्तीचा पुडा, एक नारळ. नारळ डोक्यात बसला असता तर? पुलाच्या कडेने पाणजूची माणसं चालत असतात, त्यांना असे नारळ लागले आहेत, नाखव्यांनी सांगितलं.

कोणी काही बोललं नाही. सातही जणींनी कधी ना कधी त्याच पुलावरून निर्माल्य टाकलं होतं. मी तर टाकून हातही जोडायची.

नाखव्यांनी बांबूने पिशवी ओढून घेतली आणि नाळेकडच्या, होडीच्या पुढच्या टोकाच्या कप्प्यात टाकली. तिथे आधीच तशा तीन होत्या.